नकळत ओलांडलेली सीमा

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की विमानतळ मागे पडतो आणि खापरीच्या परिसरात मिहानचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शेतजमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला. जेथे एके काळी शेतांचे धुरे होते, तेथे आता तारेची कुंपणे आणि पहारेकरी आहेत. बोइंग कंपनीने उभारलेले विमानदुरुस्तीचे केंद्र आहे. आभाळातही वर्दळ कमी नाही. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांची वाट याच आभाळातून जाते.

जमिनीवरचे कुंपण डोळ्यांना दिसते. आभाळालाही धुरे असतात. पण ते नकाशावर आणि यंत्राच्या पडद्यावर. काही क्षेत्रे पूर्णपणे निषिद्ध असतात, काहींत अटी पाळूनच प्रवेश मिळतो, तर काही क्षेत्रे तोफांच्या सरावासारख्या कारणांमुळे धोक्याची म्हणून जाहीर झालेली असतात. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रावरून विमान नेण्यास मनाई आहे, ती सुरक्षेसाठी. त्याच शहरात पारशी बांधवांच्या दोखम्यावरून उड्डाण करण्यासही मनाई आहे, ती मृतांच्या शांततेसाठी. म्हणजे प्रत्येक निर्बंध भीतीपोटीच घातला जातो असे नाही; काही आदरापोटीही घातले जातात. सीमेचा मान राखणे हे कर्तव्यच आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो सीमा न कळत ओलांडणाऱ्याचा. ढगांमुळे, यंत्राच्या दोषामुळे किंवा स्वतःच्या चुकीमुळे एखादा वैमानिक निषिद्ध आभाळात शिरला, तर त्याला काय शासन व्हावे?

आपल्या खेड्यांनी या प्रश्नाचे एक साधे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले होते. दुसऱ्याच्या शिवारात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाई. मालक येई, दंड भरी आणि गुरू सोडवून नेई. ज्याचे पीक गेले त्याचे नुकसान नाकारले जात नसे, आणि गुरे वळणाऱ्याची बेफिकिरीही खपवून घेतली जात नसे. पण चुकलेल्या गुराला कोणी गोळी घालीत नसे. अपराधाला शासन असावे, आणि ते अपराधाएवढेच असावे, ही समज कोंडवाड्याच्या त्या दारात होती.

आभाळात मात्र ही समज यायला शेकडो जीव जावे लागले. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकोरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान मार्ग सोडून पाचशेहून अधिक किलोमीटर भरकटले आणि सोव्हिएत संघाच्या हद्दीत शिरले. साखालीन बेटाजवळ लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र डागून ते पाडले. आतील २६९ माणसांपैकी एकही वाचले नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ मध्ये फेरचौकशी पूर्ण केली, तेव्हा स्वयंचालक यंत्रणा मार्गदर्शक उपकरणांशी जोडली गेली नसावी आणि वैमानिकांच्या ते ध्यानात आले नसावे, असा निष्कर्ष निघाला. विमानाची ओळख पटवण्यासाठी सोव्हिएत बाजूने शक्य ते सर्व प्रयत्न झाले नव्हते, हेही त्या चौकशीत नमूद झाले.

या घटनेशेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. २८ मे १९८७ रोजी माथियास रुस्ट नावाचा एकोणीस वर्षांचा जर्मन तरुण एक छोटे विमान घेऊन हेल्सिंकीहून निघाला आणि थेट मॉस्कोच्या लाल चौकाजवळ उतरला. तो वाट चुकला नव्हता. सारे ठरवून केले होते. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये, शिक्षा पुरी होण्यापूर्वीच, त्याची सुटका झाली. जाणूनबुजून सीमा ओलांडणारा घरी परतला. नकळत ओलांडणारे समुद्राच्या तळाशी गेले, आणि त्यांच्याबरोबर ज्यांचा त्या चुकीशी काही संबंध नव्हता असे प्रवासीही गेले. शासन अपराध पाहून न ठरता पहारेकऱ्याच्या भीतीवर ठरू लागले की न्यायाची अशी उलटापालट होते.

कोरियन विमानाच्या दुर्घटनेनंतर १० मे १९८४ रोजी शिकागो करारात नवे कलम घालण्यात आले. उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी दूर राहावे आणि विमान अडवताना आतील माणसांचे प्राण धोक्यात आणू नयेत, असे ते कलम सांगते. त्याचबरोबर, उतरण्याचा आदेश मिळाल्यास तो पाळण्याचे बंधन वैमानिकावर घालते आणि न पाळणाऱ्यास कडक शिक्षा ठेवण्यास राष्ट्रांना सांगते. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे १० मे २०१९ रोजी कराचीहून दिल्लीला येणारे एक जॉर्जियन मालवाहू विमान नेमून दिलेली वाट सोडून उत्तर गुजरातमधून आत आले. बालाकोटच्या घटनेला तीन महिनेही झाले नव्हते, वातावरण तंग होते. हवाई दलाच्या विमानांनी त्याला अडवून जयपूरला उतरवले आणि चौकशीनंतर जाऊ दिले. येथे पहाराही ढिला पडला नाही आणि रक्तही सांडले नाही.

मग अज्ञान ही सबब पुरेशी आहे का? नाही. माणसाला ज्याची माहिती असणे शक्यच नव्हते, त्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही; पण जे जाणून घेणे त्याचे कर्तव्य होते, ते निष्काळजीपणाने न जाणणे हा स्वतंत्र दोष आहे, असा विवेक संत थॉमस अक्वायनस यांनी केला आहे. ११ मे २००५ रोजी अमेरिकेत एक लहान सेस्ना विमान वॉशिंग्टनच्या निर्बंधित आभाळात शिरले. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि संसदभवन घाईघाईने रिकामे करावे लागले. विमानात दोघे होते: एक परवानाधारक वैमानिक आणि एक शिकाऊ. पहिल्याचा परवाना अधिकाऱ्यांनी रद्द केला. शिकाऊ माणसावर कारवाई केली नाही. चूक एकच, विमान एकच. पण ज्याच्यावर जाणून घेण्याची जबाबदारी अधिक, त्याच्यावर दोषाचा भारही अधिक.

सीमा ओलांडण्यापूर्वी माणसाने किती काळजी घेतली, हे जसे पाहायला हवे, तसेच चूक कळल्यानंतर तो कसा वागला हेही पाहायला हवे. आपल्या देशातील १९३७ च्या विमान नियमांत याचा सुंदर निर्देश आहे. आपण निषिद्ध क्षेत्रावर आलो आहोत हे ध्यानात येताच वैमानिकाने संकटाचा संकेत द्यावा, आणखी आत जाऊ नये, त्या क्षेत्रावर असताना खाली उतरू लागू नये आणि बाहेर पडून जवळच्या विमानतळावर लवकरात लवकर उतरावे, असे तो नियम सांगतो. ओळखा, कळवा, पुढे जाऊ नका, मागे फिरा. प्रायश्चित्त संस्काराची सवय असलेल्या आपल्या घरांना हा क्रम नवा वाटू नये.

परंतु कळवणाऱ्याला कठोर शासन आणि लपवणाऱ्याला सूट मिळू लागली, तर कळवील कोण? अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. नकळत नियमभंग झालेल्या वैमानिकाने दहा दिवसांच्या आत त्याची माहिती नासा या संस्थेकडे स्वतःहून दिली, आणि त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल, तर ठरावीक अटींवर त्याला दंड माफ होतो. नियमभंग झाल्याची नोंद पुसली जात नाही. शासन तेवढे टळते. ही दया भाबडी नाही. एकाने सांगितलेल्या चुकीवरून दहा जण सावध होतात, हा तिच्यामागचा हिशेब आहे.

सीमेच्या पहारेकऱ्यालाही विवेक लागतो. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारे, दोनशेहून अधिक प्रवाशांचे विमान पठाणकोटच्या परिसरात गारपिटीत सापडले. त्या दिवसांत भारत आणि पाकिस्तान यांनी आपापले आभाळ एकमेकांच्या विमानांना बंद केले होते. वैमानिकांनी सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग लाहोरकडे विचारणा केली. तेथूनही नकार आला. त्यांनी वादळातूनच वाट काढली आणि विमान श्रीनगरला सुखरूप उतरवले. त्या वैमानिकांनी सीमेचा मान राखला. सीमेने त्यांच्या जिवाचा मान राखला का, हा प्रश्न मागे उरतो. वादळात सापडलेल्याने दार ठोठावले, तर आधी दार उघडावे आणि मग नाव-गाव विचारावे, ही आपल्या साध्या घरांचीही रीत आहे.

जुन्या करारातील शरणपुरांची आठवण येथे होते. हातून नकळत मनुष्यहत्या झालेल्याला आश्रय मिळावा म्हणून सहा नगरे नेमून दिली होती. आणि ती परक्यालाही खुली होती. त्याने हेतुपुरस्सर मारले की नाही, याचा निवाडा समाजाने करायचा होता. निर्दोष हेतूचा निवाडा झाला तरी त्याला लगेच घरी परतता येत नसे. प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याच नगरात राहावे लागे. परिणाम होताच, सूड मात्र नव्हता. या दोहोंतील अंतर राखणे म्हणजेच न्याय, असे आम्हांस वाटते.

हा विचार वैमानिकांपुरता नाही. आज आपल्या लग्नसमारंभांत छायाचित्रणासाठी ड्रोन उडतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आभाळाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग केले आहेत, त्यांचा नकाशा सर्वांना पाहता येतो, आणि नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मिहानसारख्या विमानतळालगतच्या भागात ड्रोन उडवण्यापूर्वी तो नकाशा न पाहणाऱ्या तरुणाला ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणून सुटता येणार नाही, आणि सुटू देऊही नये. पण त्याने चूक कळताच ड्रोन खाली उतरवून अधिकाऱ्यांना सांगितले, तर त्याला लपवाछपवी करणाऱ्याच्या रांगेत उभे करू नये.

आपली मुले घरातल्या, शाळेतल्या, समाजातल्या कितीतरी सीमा नकळत ओलांडतात. त्यांना शासन करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ही सीमा त्यांना कोणी नीट दाखवली होती का? ती जाणून घेण्याची तसदी त्यांनी घेतली होती का? आणि चूक कळल्यावर ती आपल्याकडे आली, की आपल्या भीतीने आणखी आत गेली? यांतील पहिला प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे, म्हणून तो आधी विचारावा.