शाळेतला काला

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाल्याखेरीज वारकऱ्याला वारी पुरी झाल्यासारखी वाटत नाही, आणि गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची सांगताही काल्याच्या कीर्तनानेच होते. इतके श्रवण, इतके नामस्मरण, इतके पारायण झाल्यावर शेवटी एकमेकांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खायच्या, हा क्रम पूर्वजांनी विचाराने लावला आहे. ऐकलेले अंगी किती मुरले, ते घास घेतानाच कळते. प्राथमिक शाळेत मुलांमध्ये आपलेपणा कसा रुजावा, याचे चिंतन करताना मन म्हणूनच पुन्हा पुन्हा या काल्यापाशी येऊन थांबते.

भागवताच्या दशमस्कंधातले वनभोजन आठवा. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ कृष्णाभोवती कडे करून बसले आहेत, कुणी पानाचे, कुणी फुलाचे, कुणी झाडाच्या सालीचे, तर कुणी चक्क दगडाचे ताट केले आहे. आणि व्यास मुद्दाम सांगतात की प्रत्येकजण आपापल्या पदार्थाची वेगळी चव दुसऱ्याला दाखवीत, हसत-हसवीत जेवत होता. वेगळी चव! काल्यात ताक आणि दही, लाह्या आणि पोहे, लोणच्याची फोड, सारे एकत्र येते, तरी लाही लाहीच राहते. काला म्हणजे सर्वांना एकसारखे करून टाकणे नव्हे, हा त्या शब्दाचा पहिला पदर.

दुसरा पदर शाळेच्या पंगतीत उलगडतो. १९९५ साली देशभर शालेय पोषण आहाराची योजना आली, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न मुलांचा हक्क झाले, आणि आज पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. हे मोठेच पुण्यकर्म आहे, कारण ज्या समाजात साताऱ्याच्या शाळेत बालपणी भीमराव आंबेडकरांना वर्गात बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे, त्या आपल्या समाजाला पंगत समान करायलाच किती काळ लागला! त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली, तेव्हा शाळेतला काला खऱ्या अर्थाने कालवला गेला. पंगतीत माणसे शेजारी बसतात. काल्यात एकाचे दुसऱ्याच्या हातात जाते. पहिले नियमाने साधते, दुसऱ्याला हात लावावा लागतो.

मधल्या सुट्टीत दुसरीतली एखादी मुलगी डब्याचे झाकण तिरके धरून त्याआड जेवताना दिसते. आत नाचणीची भाकरी असते, सुकटीची चटणी असते, आणि शेजारणीच्या डब्यात ब्रेड-जाम. अशा वेळी बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसून म्हणतात, “मला देतेस का गं एक तुकडा? माझी आई अशीच चटणी करायची,” तेव्हा झाकण हळूहळू खाली येते, आणि दोन घास होत नाहीत तोच पलीकडून आणखी एक हात पुढे येतो. समतेवरचे कितीही सुविचार फळ्यावर लिहिले, तरी जे घडले नसते ते इथे घडले, कारण बाईंनी त्या मुलीला काही दिले नाही, तिच्याकडून घेतले.

काल्याचे सारे मर्म मला या घेण्यात दिसते. ज्याची शिदोरी कुणी मागतच नाही, तो काल्यात असूनही पाहुणाच राहतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम करताना हे ओळखले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली पाहिजे, हा त्यांच्या कुरणशाळेमागचा विचार. रान, पाखरे, पाऊस यांचे मुलांजवळचे ज्ञान ही त्या मुलांची शिदोरी. घरची बोली, आजीची गोष्ट, आईच्या हातातले कसब हीसुद्धा शिदोरीच, आणि ती वर्गात उघडायला लावणे हे शिक्षकाचे पहिले काम. वर्गात वारली किंवा पावरी शब्द उच्चारला की मुले हसतात, आणि शिक्षक गप्प राहतात, तिथे काला नासतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शेवटचा पदर, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वनभोजन ऐन रंगात आले असताना वासरे चरत दूर गेल्याचे गोपाळांच्या ध्यानात आले. तेव्हा कृष्णाने सवंगड्यांना जेवत राहा म्हणून सांगितले, आणि तो स्वतः, हातातला घास हातातच ठेवून, वासरे शोधायला निघाला. शाळेच्या काल्यातूनही काहीजण असेच दूर जातात, आणि त्यांना शोधायला कुणीतरी उठावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांतली मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते, आणि पंगत मात्र तशीच चालू राहते. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असतात, म्हणजे हा शोध एकट्या गुरुजींवर सोडलेला नाही. वाचकहो, आपण अशा समितीत असाल, तर पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आणि कुंपणाच्या खर्चाआधी हजेरीपट मागून घ्या, कोण येईनासे झाले आहे ते नावानिशी वाचा, आणि त्या मुलाच्या मुक्कामाचा ठावठिकाणा त्याच दिवशी लावायला घ्या.