सहलीची वर्गणी

पावसाळा उतरणीला लागला की आपल्याकडे सहलीची बोलणी सुरू होतात. तरुण संघ, भगिनी मंडळ, कचेरीतील मित्र, गल्लीतील शेजारी, चुलत-मावस भावंडे, प्रत्येकाची एक सहल ठरते. बेळगावकरांचा बेत बहुधा गोकाकचा धबधबा, आंबोली, कित्तूरचा किल्ला, नाहीतर अगदी जवळचा येळ्ळूरचा राजहंसगड. इंदूरकर पाताळपाणीला निघतात, बडोदेकर पावागडला. गोव्यातील कुटुंबांना समुद्रकिनारा दाराशीच आहे. दूरचा प्रवास आणि लॉजचे भाडे आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला पेलणारे नसते. म्हणून जवळचे ठिकाण, एक दिवसाचा मुक्काम आणि येताना कोठेतरी चहा-भजी, एवढाच बेत केला जातो. त्याला आपण ‘स्वस्तातली सहल’ म्हणतो.

हा ‘स्वस्त’ शब्द जरा तपासून पाहावा असे मला वाटते. स्वस्त, पण कोणाला?

समजा, गाडीचे भाडे आणि हॉटेलातले एक जेवण धरून माणशी पाचशे रुपये वर्गणी ठरली. चौघांच्या कुटुंबाचे दोन हजार झाले. ज्या घरात नवरा-बायको दोघांचेही कायम नोकरीचे पगार येतात, त्या घरात ही रक्कम एका दिवसाच्या मिळकतीपेक्षाही कमी भरेल. पण जो गृहस्थ गवंड्याच्या हाताखाली रोजंदारीवर जातो, त्याची तीन-चार दिवसांची मजुरी तीत जाते. रक्कम एकच, पावती एकच. पण एकाने जे दिले ते त्याला आठवणारही नाही, आणि दुसऱ्याच्या घरात त्यामुळे महिनाअखेरीस किराण्याची उधारी वाढेल. दोघांनाही आपण एकाच यादीत लिहितो आणि म्हणतो, “सर्वांना सारखे, म्हणजे कोणाची तक्रार नको.”

तक्रार खरोखर होतही नाही, कारण ज्याला परवडत नाही तो तक्रार करीत नसतो. तो कारण सांगतो. वर्गणी गोळा करणाऱ्या कोणालाही ही कारणे पाठ असतात. घरी पाहुणे येणार आहेत. गाडी लागते. म्हातारीला एकटे टाकून कसे यायचे? शिवणकाम करून दोन मुलींना वाढवणाऱ्या एका विधवा बहिणीने मला एकदा सांगितले होते, “यंदा जमायचं नाही बघा, भाऊ. धाकटीची परीक्षा आहे.” धाकटीच्या शाळेला त्या आठवड्यात सुट्टी होती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ती बहीण खोटे बोलली. असत्य हे असत्यच, असे आपण मुलांना शिकवतो. मग या असत्याचा दोष कोणाचा? तिच्यापुढे मार्ग तरी किती होते? पैसे देऊन कर्ज करणे हा एक. “मला परवडत नाही” असे चारचौघांत म्हणून मुलींची मान खाली घालवणे हा दुसरा. परीक्षेचे कारण सांगणे हा तिसरा. ज्यांनी वर्गणीचा आकडा ठरवला त्यांच्यासमोर यांपैकी एकही प्रश्न आला नाही. तो त्यांनी न कळत तिच्या पदरात टाकला. मला वाटते, जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला आपली लाज झाकण्यासाठी खोटे बोलायला लावते, त्या व्यवस्थेने त्या खोट्याचा मोठा वाटा उचलला पाहिजे.

“पण समान वर्गणी हाच तर न्याय आहे,” असे कोणी म्हणेल. हा आक्षेप हलका नाही. समानतेत एक मान आहे. मी श्रीमंताएवढेच दिले, म्हणून मी त्याच्याएवढाच ताठ बसेन, ही भावना खरी आहे. मात्र समानता कशात हवी, हे पाहायला हवे. मोशेच्या नियमशास्त्रात या बाबतीत दोन वेगवेगळ्या रीती आहेत. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात लोकांची मोजदाद होताना प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा असे सांगितले आहे, आणि धनवानाने त्याहून अधिक देऊ नये, दरिद्र्याने त्याहून कमी देऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. उलट लेवीयच्या पुस्तकात, ज्याला कोकरू आणण्याची ऐपत नाही त्याने दोन पक्षी आणावेत, आणि पापार्पणाच्या ठिकाणी तर, तेही न जमले तर थोडे पीठ आणावे, अशी मोकळीक आहे. या दोन्हींत विरोध दिसतो. पण तो नाही. पहिल्या ठिकाणी माणसाच्या जिवाची गणना आहे, आणि गणनेत एकाचा जीव दुसऱ्याहून भारी नाही. दुसऱ्या ठिकाणी खर्चाचा भार आहे, आणि भार खांदा पाहून ठेवावा लागतो. मान सर्वांचा सारखा, भार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आपण सहलीच्या यादीत भार सारखा करतो आणि त्यालाच न्याय समजतो.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल यानेही आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात न्यायाचा विचार करताना हेच बजावले आहे की, समान माणसांना असमान वाटा दिल्याने जशी भांडणे होतात तशीच असमान स्थितीतील माणसांना समान वाटा दिल्यानेही होतात. मात्र आपल्या सहलींत भांडण होत नाही. दुर्बळ माणूस मुकाट्याने बाजूला होतो, एवढेच.

दुसरा आक्षेप दयाळू माणसांकडून येतो. “त्यात काय? त्यांची वर्गणी आम्ही भरतो.” हा मनाचा मोठेपणा आहे आणि तो वाया जाऊ नये. परंतु दान आणि मैत्री यांची चाल वेगळी असते. दरवेळी ज्याची वर्गणी दुसरा भरतो, तो सहलीत पाहुणा होतो, सोबती राहत नाही. मग कोठे जायचे यावर तो मत देत नाही, भात कच्चा राहिला असे म्हणत नाही, खिडकीजवळची जागा मागत नाही. त्याच्या मुलांना घरून ताकीद मिळालेली असते की काही मागायचे नाही. आणि वर जर आभाराच्या वेळी “अमुक कुटुंबाचा खर्च अमुक यांनी केला” असे जाहीर झाले, तर त्या कुटुंबाला घरी ठेवले असते तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

मग उपाय काय? माझ्या मते उपाय दानात शोधण्याआधी बेताच्या रचनेत शोधावा. कोणाची गरिबी दिसणार आणि कोणाची झाकली जाणार, हे पुष्कळदा रचनाच ठरवते. इंदूरच्या सराफ्याचे उदाहरण घ्या. दिवसा तो सोन्याचांदीचा बाजार. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच समोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, थंडीच्या दिवसांत तळलेले गराडू. तेथे पाच मित्र गेले तर उभ्या उभ्या खातात, एका ताटलीत दोघे हात घालतात, कोणी चार पदार्थ घेतो, कोणी एकच घेऊन तासभर गप्पा मारतो. कमी कोणी घेतले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेच पाच मित्र मोठ्या हॉटेलात टेबल धरून बसले आणि बिलाचे पाच सारखे भाग झाले, तर ज्याने नुसती इडली मागवली त्याने दुसऱ्याच्या थाळीचे पैसे भरले असे होते. आणि ‘तुझे तू, माझे मी’ असा हिशेब केला, तर त्याची इडली सर्वांच्या डोळ्यांवर येते. माणसे तीच, मैत्री तीच. जागा बदलली आणि एकजण उघडा पडला.

हेच आपल्या सहलीला लावून पाहू. पहिली गोष्ट, ठिकाण ठरवताना खाजगी गाडी आधी आणि ठिकाण मागून, असे करू नये. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात तेथील रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसगाड्यांतून राज्यात मोफत प्रवासाची सोय सुरू झाली. गोकाक किंवा कित्तूरला बसने जायचे ठरवले, तर अर्ध्या मंडळींचा प्रवासखर्च उरतच नाही. बसमध्ये दाटी होते, सर्वांना एकत्र बसता येत नाही, हे खरे. पण थोडी गैरसोय सर्वांनी वाटून घेणे हे, सारी अडचण एकाच्या घरात ठेवण्यापेक्षा बरे. बडोद्यात सयाजीरावांच्या काळी, १८७९ साली झालेली कमाटीबाग गावातच आहे. झाडाखाली सतरंजी टाकायला तेथे दूर जावे लागत नाही. बेळगावच्या किल्ल्यातही १२०४ सालची कमल बस्ती आहे, आणि ती निवांतपणे पाहिलेली गावातलीच मुले किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्या जागेला भाडे नाही तिला किंमत नाही, असे आपण उगीच समजतो.

दुसरी गोष्ट जेवणाची. हॉटेलातले जेवण पैशांत मोजले जाते. डब्यातले जेवण हातच्या चवीत मोजले जाते. ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, दहीभात, भरली वांगी, कोणाचे भडंग. वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि डबे मध्ये आले की चटणी कोणाची आणि खीर कोणाची हा भेद जेवता जेवता विरून जातो. पण येथे एक सावधगिरी हवी. ही स्वस्ताई पुष्कळदा बायकांच्या श्रमांवर उभी असते. पुरुष मंडळी सातला बसस्टँडवर हजर होतात. भाकऱ्या थापणारी पहाटे चारला उठलेली असते, आणि तिकडे गेल्यावर वाढायलाही तीच उभी. तिचा दिवस सहलीचा झाला की नुसता चूल बदलल्याचा? ज्यांना पैशांचा भार हलका करायचा आहे त्यांनी तो घरच्या स्त्रीच्या पाठीवर नेऊन ठेवू नये. आदल्या रात्री कांदे चिरणे, भांडी वाहणे, पंगतीला वाढणे आणि शेवटी घासणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी घ्यावीत. श्रम हीही वर्गणीच आहे. ती यादीत धरली, तर ज्याच्याजवळ पैसे कमी आहेत त्यालाही ताठ मानेने काही देता येते.

तिसरी गोष्ट वर्गणीची. किमान आकडा असा ठेवावा की ओळखीतील सर्वांत कमी मिळकतीच्या घराला तो विचार न करता देता येईल. त्यावर ज्याला जे द्यायचे ते बंद पाकिटात एकाच विश्वासू माणसाकडे द्यावे, आणि नावे वाचून दाखवू नयेत. चौथी गोष्ट लहान आहे, पण मुलांच्या मनात तीच सर्वांत खोल जाते. गोकाकला गेले की करदंटाच्या दुकानाशी मुले थांबतात. काहींच्या हातात पुडा पडतो, काही नुसती पाहतात. तेथे प्रत्येकाने आपल्या मुलापुरते घेण्यापेक्षा वर्गणीतून एकच घ्यावे आणि सर्वांना सारखे वाटावे. वल्हांडणाच्या विधीत एका घराला कोकरू जास्त होत असेल तर शेजारच्या घराला बरोबर घ्यावे, असे सांगितले आहे. तेथे उरलेले मागाहून पाठवायचे नाही. मुळात एकाच कोकराला दोन घरांनी बसायचे.

अखेर एक जुना आक्षेप उरतो, आणि तो गंभीर वृत्तीच्या लोकांचा आहे. जगात इतके दुःख असताना सहली कशाला? तोच पैसा गरजूंना द्यावा. या विचारात तळमळ आहे, पण गरजूंविषयी एक गैरसमजही आहे. गरिबाला फक्त धान्यच हवे असते, आनंद नको असतो, असे तो धरून चालतो. एका खोलीत शिलाईचे यंत्र, चूल आणि दोन मुली घेऊन राहणाऱ्या बाईला मोकळ्या माळावरच्या एका दिवसाची गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा कमी नाही, अधिकच आहे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सणांची आज्ञा देताना दास, दासी, उपरी, पोरका आणि विधवा यांची नावे घेतली आहेत, आणि आज्ञा आहे ती त्यांनीही सणात आनंद करावा अशी. त्यांना घरी शिधा पोहोचवला म्हणजे झाले, असे तेथे म्हटलेले नाही. याउलट करिंथच्या मंडळीत लोक एकत्र जमत, पण जो तो आपले जेवण आधी उरकी. एक भुकेला राही, दुसरा झिंगलेला असे. पौलाने त्यांना कडक शब्दांत खडसावले ते जेवले म्हणून नव्हे. सर्वजण एकत्र जमूनही त्यांनी जवळ काही नसलेल्यांना लाजवले म्हणून.

श्रीमंताने महागड्या ठिकाणी जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. त्याने आपल्या पैशाने खुशाल जावे. पण ज्या बेताला आपण ‘आपली सर्वांची सहल’ असे नाव देतो, त्याचे माप ‘सर्वांनी’ या शब्दाने घेतले पाहिजे. यंदा बेत ठरवायला बसाल तेव्हा किती जण येणार हे मोजण्याआधी, गेल्या वर्षी कोण आले नाही याची यादी करा, आणि त्यांनी सांगितलेल्या कारणांच्या पलीकडे जरा पाहा. त्यांच्या घरात जाऊन, त्यांच्या चुलीपाशी बसून, “आम्हाला कोठे न्याल?” असे त्यांनाच विचारा. ते जी जागा सांगतील ती बहुधा जवळची असेल आणि पायी जाण्याजोगीही असेल. तेथे मात्र कोणाला परीक्षेचे कारण सांगावे लागणार नाही.