गोळीचे वजन

काही प्रश्न दिसावयास निव्वळ कारागिरीचे असतात. परंतु ते थोडे उकलून पाहिले, की आत नीतीचा गाभा सापडतो. ठासणीच्या बंदुकीने हरीण मारावयाचे तर गोळी गोल घ्यावी की शंकूच्या आकाराची, लांबट आणि जड घ्यावी, हा असाच एक प्रश्न. अमेरिकेसारख्या देशांत, जेथे अशा शिकारीला कायद्याने स्वतंत्र हंगाम दिलेला आहे, तेथे या प्रश्नावर हौशी शिकारी तासन्‌तास वाद घालतात. आपल्याकडे शिकारीस बंदी आहे, तेव्हा हा वाद आपल्या काय कामाचा, असे वाचक विचारतील. माझे म्हणणे असे की, जेथे शिकार निषिद्ध आहे आणि तरीही घराघरांत राखणीची बंदूक आहे, अशा आमच्या डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावांना तो अधिकच कामाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतावयाची, त्यावर गोळी गजाने ठासावयाची आणि मग चाप ओढावयाचा. एक बार झाला की दुसऱ्यासाठी पुन्हा तोच सोपस्कार. तेवढ्या अवधीत जखमी जनावर दृष्टिआड झालेले असते. म्हणजे या बंदुकीच्या मालकाला दुसरी संधी नाही. शिसाच्या गोल गोळीचे वजन नळीच्या व्यासाने कायमचे ठरून गेलेले असते. अर्धा इंच व्यासाच्या नळीतील गोल गोळी सुमारे साडेअकरा ग्रॅम भरते. त्याच नळीत बसणारी लांबट शंक्वाकार गोळी सहज चोवीस ग्रॅमपर्यंत जाते. गोल गोळी सुरुवातीस वेगाने सुटते, पण हवेत तिचा वेग झपाट्याने ओसरतो. जड गोळी संथ निघते, परंतु आपला जोर राखून ठेवते आणि हाडाला न अडता आरपार जाते. आरपार गेल्याने दोन जखमा होतात, रक्ताचा माग पडतो आणि पळालेले जनावर शोधता येते. खांद्यात अडकून राहिलेल्या गोळीचा मात्र माग पडत नाही. ते जनावर कोठेतरी जाळीत शिरून दोनतीन दिवसांनी मरते, आणि मारणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जड गोळीलाही दोष आहेत. ती लवकर खाली झुकते, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकतो. तिचा धक्काही खांद्याला अधिक बसतो. शिवाय तिला नळीच्या आत पेच लागतात, त्यांनी ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सोडली तर ती वाटेत कोलांट्या घेते. याच पेचांच्या साहाय्याने, क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या शंक्वाकार गोळीने युद्धाचे रूप पालटून टाकले. ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्या देशात वणवा पेटला, त्या काडतुसांतही अशीच लांबट गोळी होती.

तेव्हा जड गोळी निवडणारा माणूस प्रत्यक्षात काय निवडतो? तो मृत्यू निवडतो, हे उघड आहे. परंतु त्याचबरोबर तो अर्धवट मृत्यू नाकारतो. येथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो. जे कृत्य मुळातच हिंसक आहे, ते नीटनेटके केल्याने त्याचे पाप कमी होते काय?

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर कायद्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी एक घोषणापत्र काढले आणि चारशे ग्रॅमहून कमी वजनाच्या स्फोटक गोळ्या आपसांतील युद्धांत वापरावयाच्या नाहीत असे ठरविले. कारण असे दिले की, युद्धाचा न्याय्य हेतू शत्रूच्या सैन्याला दुर्बळ करणे एवढाच आहे. जायबंदी झालेल्या माणसाच्या यातना निष्कारण वाढविणे किंवा त्याचा मृत्यू अटळ करणे हे त्या हेतूच्या पलीकडचे होय. पुढे १८९९ साली हेग येथे शरीरात शिरताच पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरल्या. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्याचे नाव त्या गोळ्यांना कायमचे चिकटले आहे. आता याच्या शेजारी इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा ठेवून पाहा. त्यात रायफलीने हरीण मारताना पसरणाऱ्या, म्हणजे मऊ किंवा पोकळ टोकाच्या गोळीखेरीज दुसरी गोळी वापरण्यास मनाई आहे. जी गोळी माणसावर झाडणे अमानुष, तीच हरणावर न झाडणे अमानुष!

वरवर पाहता ही विसंगती वाटते. पण ती तशी नाही. सैनिकाला मारणे हा युद्धाचा अंतिम हेतू नाही. तो शस्त्र टाकून घरी परतू शकतो, त्याच्या जखमेवर वैद्य उपचार करू शकतो. जखमी हरणाला इस्पितळ नाही. त्याच्या बाबतीत जखम हा मृत्यूला पर्याय होत नाही; ती मृत्यूची लांबण असते. म्हणून तत्त्व एकच, आणि ते असे की हेतूला आवश्यक नाही इतकी यातना देऊ नये. प्रसंग भिन्न म्हणून गोळी भिन्न. हा विचार युरोपनेच प्रथम केला असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला युद्धात गुप्त शस्त्रे, काटेरी फाळाचे बाण, विषारी बाण आणि पेटते बाण वर्ज्य सांगितले आहेत. काटेरी फाळ काढताना मांस फाटते, यापलीकडे त्या निषेधाला वेगळे भाष्य नको.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडुराजाची कथा या बाबतीत मला नेहमीच मार्मिक वाटत आली आहे. मृगरूपाने पत्नीसह क्रीडा करणाऱ्या किंदम ऋषीला पांडूने बाणांनी विंधले. पांडूने राजधर्माचा आधार घेतला आणि अगस्त्याचा दाखला दिला. किंदमाने काय उत्तर द्यावे? मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. तू वेळ पाहिली नाहीस, थांबला नाहीस, हा तुझा दोष. शाप मिळाला तो वधासाठी नव्हे, वधाच्या रीतीसाठी. वध अनुज्ञेय असला तरी रीतीचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावा लागतो, हे तत्त्व याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

यावर अहिंसावाद्याचा आक्षेप तयारच असतो, आणि तो दुबळा नाही. तो म्हणेल, ही सारी मनाची समजूत आहे. जड गोळी घेतली, नेम धरला, जनावर जागच्या जागी पडले, आणि मारणारा आपण दयाळू असल्याच्या समाधानात घरी गेला! क्रूर रीतीने मारणाऱ्याला निदान स्वतःची लाज तरी वाटते. नीटनेटके मारणाऱ्याला तीही वाटत नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातील सेनापती मृगयेचे गुण गातो आणि लोक तिला उगाच व्यसन म्हणतात असे सांगतो. हत्येला कौशल्याचे नाव दिले की ती अशी सभ्य होते. मनूने मात्र कामातून उपजणाऱ्या व्यसनांची यादी दिली आहे आणि तिच्या आरंभीच मृगया मांडली आहे.

माझ्या व्यवसायात रोज वापरला जाणारा एक भेद येथे उपयोगी पडेल. आरोपीने गुन्हा केला की नाही हा एक प्रश्न, आणि गुन्हा केला असल्यास तो कोणत्या रीतीने केला हा दुसरा. दुसऱ्याच्या उत्तराने शिक्षा सौम्य होऊ शकते. पण त्याने पहिल्याचे उत्तर बदलत नाही. जड गोळी ही सौम्यतेची बाब आहे, निर्दोषतेची नव्हे. अहिंसावाद्याचे म्हणणे येथपर्यंत मला मान्य. परंतु म्हणून दुसरा प्रश्न निरर्थक ठरतो असे तो म्हणेल, तर ते मान्य नाही. ज्याला यातना भोगावी लागते त्या प्राण्याच्या बाजूने पाहिले, तर एका क्षणाचे मरण आणि तीन दिवसांचे मरण यांत जे अंतर आहे ते तत्त्वज्ञानाने पुसता येत नाही. आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदाही प्राण्याला ‘अनावश्यक क्रूर’ रीतीने मारण्याला क्रूरतेच्या यादीत घालतो. त्या क्रियाविशेषणात बरेच शहाणपण साठलेले आहे.

आता आपल्या दारात येऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम सांगते की, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा. दुसऱ्या बाजूस १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्याने परवान्याची शिकार संपुष्टात आणली. त्याच्या व्याख्येत जखमी करणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीही शिकारच होय. जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेला वार त्याच्या अकराव्या कलमाने क्षम्य आहे; परंतु ती सूट माणसाच्या रक्षणापुरती आहे, वायंगणातल्या भातासाठी नाही. पिकासाठी घातक ठरलेले जनावर मारावयाचे तर अधिकाऱ्याचा कारणांसहित लेखी आदेश लागतो. म्हणजे एक कायदा शेतकऱ्याच्या हाती बंदूक देतो आणि दुसरा तिचा बार जनावरावर काढू नको म्हणतो. दोन्ही शब्दशः पाळायचे तर ती बंदूक आवाज करण्यापुरतीच उरते.

हा शेतकऱ्यावरचा उपहास नव्हे. रानदुकरांच्या एका कळपाने एका रात्रीत शेत उकरले की वर्षाची बेगमी जाते. गव्याने किंवा मेरूने कुळागरात शिरून केळी मोडल्या, माकडांनी शहाळी पाडली, तर त्या माणसापुढे अहिंसेचे प्रवचन करणे ही आणखी एक क्रूरता होय. पण बंदुकीचा मार्ग बंद झाला म्हणून हत्या थांबली, असे कोणी समजू नये. ती अधिक गुप्त आणि अधिक निर्दय झाली आहे. तारेचा फास लावणाऱ्याला त्यात रानदुकर सापडेल की बिबटा, हे ठाऊक नसते. २०२० च्या मे महिन्यात केरळात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोटक आमिष फुटून दिवसचे दिवस नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषाने मेलेली सापडली. फास, स्फोटक आणि विष या तिन्हींत एक साम्य आहे. मारणारा तेथे हजर नसतो. कोणाला मारतो हे तो पाहत नाही, आणि कसे मेले हेही त्याला पाहावे लागत नाही.

दशरथाने नेमके हेच केले होते. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडण्याचा आवाज ऐकून, हत्ती पाणी पितो आहे असे समजून, त्याने बाण सोडला. त्याचा नेम अचूक होता. चुकले ते पाहणे. रात्री रानात आवाजाच्या रोखाने किंवा हाकारे घालून धावत्या जनावरावर बार टाकणारा शिकारी आणि झाडाला फास बांधून घरी झोपणारा शेतकरी हे दोघेही दशरथाचेच वारस आहेत.

जड गोळीच्या प्रश्नातून मला जे नैतिक मूल्य दिसते ते येथे आहे. जो माणूस गोळीच्या वजनाचा विचार करतो, त्याला चुकलेल्या बाराचे परिणाम आधी डोळ्यांसमोर आणावे लागतात. हाड कोठे, काळीज कोठे, अंतर किती, मागे कोणी माणूस नाही ना, हे सर्व त्याला पाहावे लागते. असे पाहणारा माणूस पुष्कळदा बार न काढताच परततो, कारण अंतर अधिक असते किंवा उजेड कमी असतो. गोळी कितीही जड असली तरी ती या संयमाची जागा घेऊ शकत नाही. उलट, जड गोळी आहे म्हणून दूरचा आणि अनिश्चित बार टाकणारा माणूस हलक्या गोळीच्या सावध माणसाहून अधिक जनावरे जखमी करील. साधन चांगले मिळाल्याने कर्तव्य कमी होत नाही.

हे कर्तव्य केवळ चाप ओढणाऱ्याचे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातकांची गणना आहे. तीत मारणारा, विकणारा, शिजविणारा, खाणारा हे सर्व आहेत. परंतु पहिले नाव अनुमती देणाऱ्याचे आहे. हा क्रम आजच्या शासनाने लक्षात घेण्यासारखा आहे. २०१६ साली बिहारात पिकांच्या रक्षणासाठी नीलगाई मारण्यात आल्या. २०२२ पासून केरळात रानदुकरांच्या बाबतीत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे अधिकार सोपविले गेले. अशा परवानग्यांची मागणी गोव्यातही होते. ती मान्य करावी की नाही यावर मतभेद राहणारच, आणि ते राहावेत. पण ज्या दिवशी एखादा अधिकारी असा आदेश देईल, त्या दिवशी ‘मारावे’ एवढे लिहून त्याची सुटका होऊ नये. कोणत्या बंदुकीने, कोणत्या गोळीने, किती अंतरावरून, पिल्लांची आई असेल तर काय, आणि जखमी होऊन पळालेल्या जनावराचा माग कोणी काढावयाचा, हे त्याच कागदावर असले पाहिजे. राखणीच्या जुन्या गुळगुळीत नळीतून छर्रे उडवून हे काम नीट होणार नाही. ते ठाऊक असूनही तिच्यावर काम सोपविणे म्हणजे जनावराच्या यातनांना आधीच संमती देणे होय.

पिकाची नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, कुंपणाला साहाय्य मिळाले, तर बंदुकीचा प्रश्न पुष्कळ अंशी उरणारच नाही. मला तोच मार्ग श्रेयस्कर वाटतो. तो होईपर्यंत मात्र ‘आपण शिकार बंद केली’ या समाधानात राहण्याचा अधिकार आपणांस नाही. रानात फास लागलेले आहेत, आणि त्यांत सापडलेल्या जनावराच्या मरणाची लांबी कोणीही मोजत नाही. सुदूर देशातला एखादा शिकारी ती लांबी कमी व्हावी म्हणून गोळीचे वजन मोजतो. त्याच्या शिकारीचे समर्थन करण्याची आपणांस गरज नाही. पण तो जे मोजतो ते मोजण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे.