उंबऱ्याबाहेर उभं राहणं

आजचे वाचन : अनुवाद 24:10-13



दर रविवारी रात्री नऊच्या सुमारास माझ्या फोनवर लेकीच्या शाळेचा मेसेज येतो. 'या आठवड्यातील सूचना.' ती दुसरीत आहे. इथे वसईत धर्मभगिनी चालवत असलेली शाळा आहे, आणि या सूचनांचा सूर मला आता पाठ झालाय. बुधवारी राखेचा बुधवार, शाळा अर्धा दिवस. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी डब्यात मांसाहार नको. दानाचं पाकीट झावळ्यांच्या रविवारआधी परत पाठवा. वर्गाच्या ग्रुप फोटोचे 120 रुपये शुक्रवारपर्यंत. तीन पाण्याच्या बाटल्या आणि एक स्वेटर ऑफिसात पडून आहेत, ज्यांचे असतील त्यांनी ओळखून न्यावेत.

शुक्रवारच्या डब्यावरून यंदा ग्रुपवर थोडी गंमत झाली. एका मुस्लिम वडिलांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "टीचर, हे आम्हालाही लागू आहे का?" वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीतच. खरं तर नियम आमच्या पोरांनाही लागू नाही. धर्मसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेप्रमाणे मांसवर्ज्याचं बंधन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर सुरू होतं, आणि ही मुलं सात वर्षांची आहेत. टीचरनी उत्तर दिलं की सक्ती नाही, विनंती आहे, कारण मुलं डबा वाटून खातात. त्या बाबांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला. (माशाला बंदी नाही हे मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. वसईकराने शुक्रवारी मटण सोडून पापलेट खाल्लं तर त्याला त्याग म्हणायचं का, यावर आमच्या घरी दरवर्षी भांडण होतं.)

आजचं चिंतन मात्र त्या 120 रुपयांवर आहे. म्हणजे खरं तर डिसेंबरातल्या 350 रुपयांवर आहे. हे मी इथे लिहायचं टाळत होतो. पण आजचं वाचन समोर आलं आणि टाळता येईना.

मी या वर्गाचा पालक प्रतिनिधी आहे. जूनमध्ये कुणीच हात वर करेना, म्हणून मी केला. गॅदरिंगला मुलांचं कोळीनृत्य होतं. कपडे भाड्याने आणायचे होते, प्रत्येकी 350 रुपये. टीचर मला एवढंच म्हणाल्या, "जरा पालकांना आठवण कराल का?" आता इंजिनिअरला असं सांगितलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी एक शीट बनवली. 46 मुलांची नावं, पैसे आले की ओळ हिरवी, नाही आले की लाल. वर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती रोज रात्री आठला बाकी राहिलेल्या मुलांची यादी तयार करायची, आणि मी ती ग्रुपवर टाकायचो. 'पेंडिंग : 19.' दुसऱ्या दिवशी 'पेंडिंग : 11.' मग 6. मग 2. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. ऑफिसात बगची संख्या खाली येताना जी मजा येते, तीच.

पाचव्या रात्री एकच नाव उरलं. एकच लाल ओळ. मी नावासकट टाकलं, 'फक्त एक बाकी!' पुढे हसरा चेहरा. रात्री पावणेबाराला माझ्या फोनवर 350 रुपये आले. सोबत शब्द एकही नाही. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'थँक यू ताई, ऑल क्लिअर!' आणि टाळ्यांची इमोजी. चौदा-पंधरा लोकांनी अंगठे दाखवले.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिका सिस्टरनी मला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "त्या बाईंना मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, गॅदरिंगचं तुम्ही काही बघू नका. नवऱ्याचं काम सुटलंय त्यांच्या. परवा रात्री शेजारणीकडून उसने घेऊन भरले त्यांनी." मग थोडं थांबून, "तुम्हाला माहीत नव्हतं, मला ठाऊक आहे."

माझ्या शीटमध्ये दोनच कॉलम होते. भरले आणि बाकी. तिसरा कॉलम सिस्टरच्या डोक्यात होता आणि तो त्यांनी कुठेच लिहिला नव्हता. मी घरी येताना रिक्षात स्वतःशी वाद घालत होतो की त्यांनी मला सांगायला हवं होतं, म्हणजे हा घोळच झाला नसता. अजूनही माझा एक भाग तसं म्हणतो. पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तिसरा रंग आणला असता. पिवळा. आणि सगळ्यांनी विचारलं असतं, पिवळा म्हणजे काय?

आता वाचनाकडे येऊ. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे उधारीचा नियम सांगतो. शेजाऱ्याला काही उसनं दिलंस तर तारण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो माणूस स्वतः आत जाऊन तारण बाहेर घेऊन येईल. आणि तो गरीब असेल, तारण म्हणून त्याने अंगावरचं पांघरूणच दिलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत कर, म्हणजे तो त्यात झोपू शकेल.

हा उतारा मी पूर्वी कितीतरी वेळा वाचलाय. पांघरुणाचा भाग लक्षात राहायचा, कारण तो हृदयाला भिडतो, प्रवचनातही तोच येतो. उंबऱ्याची ओळ मी नेहमी पटकन ओलांडून जायचो. या वेळी तिथेच अडकलो. घरात का शिरायचं नाही? देणाऱ्याचा हक्क तर आहेच. तारण घेऊ नकोस असं मोशे म्हणत नाही, मागू नकोस असंही म्हणत नाही. तो फक्त कुठे उभं राहायचं ते सांगतो. आत गेलास तर तुला दिसेल की चुलीशी काय आहे, कोपऱ्यात किती पोती आहेत, पोरं कशावर झोपतात. त्या माणसाला घरातली कुठली वस्तू द्यायची हे ठरवायची मोकळीक उरणार नाही. तू बोट दाखवशील आणि बायकोपोरांच्या देखत तो कर्जदार होईल. बाहेर थांबलास तर तो आत जाऊन, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या हाताने काहीतरी उचलून आणेल. कर्जदार तो तेव्हाही असेलच. पण घर त्याचंच राहील.

रात्री आठ वाजता, घरात सगळे जेवायला बसलेले असताना, 46 कुटुंबांच्या फोनवर एका मुलाचं नाव टाकणं म्हणजे मी काय करत होतो? उंबरा ओलांडून थेट आत गेलो होतो, आणि पंचेचाळीस जणांना सोबत घेऊन. शिवाय नाव आईबापाचंही नाही, पोराचं. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी त्याला म्हणालंच, "तुझेच पैसे राहिले होते ना?" हे मला माझ्याच लेकीने सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता एक मिनिट. आठवण करून देणं हेच वाईट, असं मी म्हणत नाही. आपला देव आठवणी करून देणारा देव आहे. गणनाच्या पंधराव्या अध्यायात तो इस्राएलला सांगतो की कपड्यांच्या टोकांना गोंडे लावा, त्यात निळा दोरा घाला, म्हणजे ते पाहून माझ्या आज्ञा तुम्हाला आठवतील. तो निळा रंग समुद्रातल्या गोगलगायीपासून काढायचे आणि तो फार महाग असायचा. पण दोरा म्हटल्यावर तो गरिबाला कसाबसा जमला असता. आणि गोंडे सगळ्यांना होते, ज्यांनी चूक केली त्यांनाच नाही. शिवाय आपला गोंडा आपणच बघायचा. गंमत म्हणजे, गंमत कसली, अंगावर काटा येतो, याच्या अगदी आधीच्या ओळींत शब्बाथ दिवशी लाकडं गोळा करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. त्याला सगळ्या मंडळीने मिळून छावणीबाहेर नेऊन दगडमार केला. आधी दगड, आणि लगेच पुढे दोरा. हे दोन्ही शेजारी-शेजारी का आहेत याचं विद्वान काय उत्तर देतात ते असो. मी मात्र आता ते वाचताना माझी लाल ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. मला वाटत होतं मी दोरा देतोय.

तुमच्यातले काही जण आता म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण व्यवहाराचं काय? नावं टाकली नाहीत तर लोक पैसे देत नाहीत. बरोबर आहे. मी स्वतः हेच म्हटलं होतं. लाजेने काम होतं, आणि फार पटकन होतं. पाच दिवसांत 46 पैकी 46! उरलेल्या सगळ्यांपैकी कितीजण नुसते विसरले होते, आणि त्यांना यादीने खरंच मदत झाली. एका विसरभोळ्या बापाने तर आभारही मानले. मग एका घराला त्रास झाला म्हणून पंचेचाळीस घरांचं सोयीचं साधन टाकून द्यायचं का? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. कपडेवाल्याला पैसे द्यायचेच होते, आणि ते आले नसते तर टीचरने स्वतःच्या पर्समधून काढले असते, तेही मला माहीत आहे.

पण आकड्यांच्या भाषेत बोलायचं तर माझी चूक एका घरापुरती नव्हती. यादी चालत होती ती भीतीवर, की उद्या आपलं नाव येईल. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना ती भीती 350 रुपयांत विकत घेऊन संपवता येत होती. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठीच ती खरी होती. म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक देणाऱ्या माझ्या शीटचा सगळा भार एकाच जागी येऊन पडला. आणि शेवटचं नाव कुणाचं उरणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू पायऱ्या सांगतो. भावाचं चुकलं तर आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत ने. तेव्हाही नाही तर मंडळीला सांग. मी शेवटची पायरी पहिली केली, कारण ती सर्वांत स्वस्त होती. एक मेसेज, 46 घरं. एकट्याने फोन करायचा तर प्रत्येकी चार मिनिटं जातात, वर कसंतरी वाटतं ते वेगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते स्केल होत नाही. आणि हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसणारा, वसुली करणारा माणूस. लोकांकडून पैसे कसे काढायचे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत असणार.

मी त्या ताईंच्या घरी गेलो होतो. पाकिटात 350 रुपये घेऊन. दाराबाहेरच थांबलो, तेव्हा हे वाचन काही डोक्यात नव्हतं, आत जायची हिंमतच नव्हती. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "आता भरलेत ना दादा? मग राहू दे." मी माफी मागितली तर त्या इकडेतिकडे बघायला लागल्या, जणू मी त्यांना अजून एक ओझं देतोय. मग म्हणाल्या, "फक्त एक करा. त्या कागदावरून पोराचं नाव काढा." मी म्हटलं, आता तर ती ओळ हिरवी झालीय. त्या म्हणाल्या, "तरी काढा."

मी रिक्षात बसल्या-बसल्या अख्खी शीटच डिलीट केली.

आता ग्रुप फोटोचे 120 रुपये. या वेळी मी ग्रुपवर दोनदा लिहिलं, नावाशिवाय: शुक्रवार शेवटचा दिवस आहे, आणि कुणाला यंदा जमणार नसेल तर सिस्टरना एक शब्द सांगा, मला सांगायची गरज नाही, फोटोत मुलं सगळीच असतील. शुक्रवारी नऊ घरं बाकी होती. मी एकेकाला फोन लावला. पाचजण म्हणाले, अरे विसरलोच यार, आणि तिथल्या तिथे पाठवले. दोघांनी फोन उचललाच नाही. त्यातल्या एकाच्या दारात नवी कोरी गाडी उभी असते आणि मला त्याचा अजूनही राग येतोय, हे कबूल करतो. उरलेल्या दोघांना मी फोन केला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

शनिवारी मी 42 जणांचे पैसे घेऊन सिस्टरच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, चार बाकी आहेत, नावं सांगू का?

त्या पाकीट ड्रॉवरमध्ये टाकत म्हणाल्या, "नको. मला माहीत आहेत."