धनी नसलेला डबा

बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि पुढे इंधनवायूचा बाटला या शहराच्या घरोघरी इतका रुळला की त्याच्यामागील व्यवस्थेकडे आपले लक्षही जात नाही. १४.२ किलो वायूचा तो लोखंडी बाटला स्वयंपाकघरात नित्य उभा असला तरी तो आपला नसतो. त्याची मालकी तेलकंपनीची, आपण अनामत भरून केवळ त्याचा वापर करतो, आणि वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीच्या आतील बाजूस लिहिलेले एक अक्षर व दोन आकडे त्याच्या पुढील तपासणीची मुदत सांगतात. असा बाटला कोणी उकिरड्यावर फेकत नाही.

हिमालयात पदभ्रमणास जाणारी आपली मंडळी जे पातळ पत्र्याचे, २३० ग्रॅम वायूचे कॅनिस्टर वापरतात, त्याच्या नशिबी मात्र ही तजवीज नाही. विमानात ते नेता येत नाही, रेल्वेतही अशा ज्वालाग्राही वस्तूंस मनाई आहे. म्हणून ते मनालीस किंवा उत्तरकाशीस विकत घ्यावयाचे आणि परतताना, वायू अर्धा उरला असला तरी, तेथेच ठेवून यावयाचे, म्हणजे कायदा कसोशीने पाळणारा प्रवासीसुद्धा आपला अवशेष डोंगराच्या माथी मारून मोकळा होतो. बडोद्याहून पावागड वा जांबुघोडा येथे स्वतःच्या वाहनाने जाणारे कॅनिस्टर घरी आणतात खरे, पण तेथून ते केराच्या टोपलीत जाते.

केराच्या टोपलीपासून पुढचा प्रवास आपण पाहत नाही, आणि नीतीचा प्रश्न नेमका तेथेच उभा राहतो. शेगडी विझली म्हणजे डबा रिकामा झाला, हा समज खोटा आहे. शून्य अंशाच्या आसपास डब्यातील ब्यूटेन वायूचे बाष्पीभवन जवळजवळ थांबते, त्यामुळे उंचावरच्या थंडीत ज्योत मंदावते तरी द्रव आत शिल्लक राहतो, आणि तोच डबा बडोद्याच्या वैशाखात पुन्हा वायूने ताठतो. हा वायू हवेहून जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. अशा डब्यावर भंगारवाल्याच्या दुकानी हातोडा पडला, किंवा कचरा दाबणाऱ्या यंत्रात तो चिरडला गेला, तर होरपळ होते ती ज्याने पहाटेचा चहा त्यावर कधी उकळला नाही त्याची. सहलीचा आनंद आपण घ्यावा आणि तिची जोखीम अशा माणसावर टाकावी, की ती नाकारण्याइतकी ऐपतच त्याच्या पोटाने त्याला दिलेली नाही, हा मला उघड अन्याय वाटतो. मोठ्या बाटल्यातून नळी लावून हे डबे पुन्हा भरण्याची काटकसर तर त्याहून घातक. ते एकदाच भरण्यासाठी घडवलेले असतात, आणि द्रवाच्या प्रसरणासाठी आत किती पोकळी राहिली हे त्या घरगुती उद्योगात कोणी मोजत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा निराळा ठेवून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार सोपवण्याचे कर्तव्य नागरिकावर घातले. त्याच्या व्याख्येत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या यांची नावे होती, या कॅनिस्टरचे नव्हते. तरीही भाव स्पष्ट आहे. उघड्या जागी, इतर विस्तवापासून दूर, शेगडीवरच वायू पूर्ण संपवावा. डबा ठोकू वा जाळू नये. आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, आत काय होते हे तोंडाने सांगून, कर्मचाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा. निर्वायू झालेला पत्रा हे उत्तम पोलाद आहे. ते वितळून पुन्हा कामी येते.

परंतु सारा भार ग्राहकाच्या सदसद्विवेकावर टाकणे मला पुरेसे वाटत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून पुन्हा न भरता येणाऱ्या छोट्या प्रोपेन सिलिंडरांची विक्री १ जानेवारी २०२८ पासून बंद करण्याचे ठरवले. आपल्याकडे अनामतीची रीत तर घरोघरी मुरलेली आहे. पदभ्रमण संघांनी एकत्र खरेदी करताना विक्रेत्याकडे हीच अट घालावी, की प्रत्येक कॅनिस्टरमागे अनामत घ्यावी आणि डबा परत येताच ती चुकती करावी. जो दुकानदार हे मान्य करील, त्याच्याचकडे आपली खरेदी करावी.