माझ्यावाचून अडू नये

नोव्हेंबर उजाडला की बँकांत पेन्शनरांची गर्दी होते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून हे काम अंगठ्याच्या ठशावर होऊ लागलं, आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही होतं. तरी पुष्कळ आजोबा अजून जातीनं बँकेत जातात आणि आजींनाही बरोबर नेतात. आजी बाकावर बसतात. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक. काउंटरवरच्या मुलीनं आजींची जन्मतारीख विचारली तर उत्तर आजोबा देतात. सहीची वेळ आली की ते कागदावर बोट ठेवतात, "इथं कर", आणि त्या तिथं करतात. सही कशावर केली हे त्या विचारत नाहीत, ते सांगत नाहीत.

घरी आल्यावर पारडं फिरतं. पोह्यांचा डबा कुठला, हे आजोबांना ठाऊक नसतं. ब्लडप्रेशरची गोळी कोणती आणि कोलेस्टेरॉलची कोणती, सकाळी कुठली आणि रात्री कुठली, हे सगळं आजींच्या डोक्यात. त्या वाटीत काढून ठेवतात, ते पाण्याबरोबर गिळतात. गोळी कशाची हे ते विचारत नाहीत, त्या सांगत नाहीत.

असं घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. याला आपण सुखाचा संसार म्हणतो आणि तो तसा असतोही. "मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस?" असं त्यांनी म्हणायचं. "राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं," असं तिनं म्हणायचं. दोन्ही बोलण्यांत माया आहे. पण चाळीस-पन्नास वर्षं रोज ऐकून ऐकून व्यवहारात तिचे आणि घरकामात त्याचे हात बांधले गेले, हेही खरं. तरुणपणी कामं वाटून घेणं सोयीचं असतं. साठी-सत्तरीनंतर मात्र आपल्या माणसावरची माया वेगळ्या तऱ्हेनं दाखवावी लागते. त्याचं आपल्यावाचून अडू नये, अशी तजवीज आपण असतानाच करून ठेवावी लागते.

कारण उघड आहे, आणि ते बोलायला कुणी धजत नाही. दोघं एका दिवशी जात नसतात. आपल्याकडे नवरा बहुधा वयानं मोठा, त्यात बायकांचं आयुर्मान जास्त. त्यामुळे मागं राहण्याची पाळी बहुतेक वेळा तिच्यावर येते. आणि तेव्हा तिला एकेक गोष्ट नव्यानं कळू लागते. जुन्या पद्धतीच्या सरकारी पेन्शनीत निवृत्त माणसाला शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी रक्कम मिळते. त्याच्या माघारी बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन उतारवयात बहुधा त्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं. घरातलं माणूस एक कमी झालं तरी लाइटबिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि डॉक्टरची फी निम्मी होत नाही. हा आकडा आजोबांना ठाऊक असतो. आजींना तो पहिल्यांदा पासबुकात दिसतो.

घराचंही तसंच. "नॉमिनी म्हणून तुझं नाव घातलंय," एवढं सांगून पुष्कळ पुरुष निर्धास्त होतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचा हक्क ठरेपर्यंत सांभाळणारं ते माणूस. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो, आणि त्याची आई हयात असेल तर तिचाही. म्हणजे दोन मुलं असलेल्या घरात, ज्या फ्लॅटच्या भिंती तिनं पंचवीस दिवाळ्या पुसल्या त्याचा तिसरा हिस्साच तिचा. मुलं चांगली असतील तर काहीच बिघडत नाही. पण आपल्या बायकोची म्हातारपणची बैठक मुलांच्या चांगुलपणावर सोडून जाणं, याला विश्वास म्हणावं की आळस? मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. तरीही ते राहून जातं. "करू की, घाई काय आहे?" असं तो म्हणतो. तिनं विषय काढावा तर तिलाच वाटतं, भरल्या घरात असलं कसं बोलायचं. आणि त्यानं काढलाच, तर तीच म्हणते, "शुभ बोला!"

आता पाळी उलटी आली तर काय होतं ते पाहू. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि हे ९७ मिनिटंवाले पुरुष तरी किती? साधारण चारांतला एक. राज्य सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी हारतुरे घेऊन घरी येतो. ज्या स्वयंपाकघरात तो चहा मागतो तिथं निवृत्तीचं वय ठरलेलं नाही. ती गेल्यावर तो चहाच काय, गॅसचा रेग्युलेटरही धास्तीनं हाताळतो.

तरी जेवणाचा प्रश्न सुटतो. डबा लावता येतो, पोळ्यांना बाई मिळते. सुटत नाही तो दुसराच प्रश्न. परगावी असलेल्या मुलाचा फोन बाबांनी उचलला तर काय बोलणं होतं? "कसे आहात? तब्येत बरी? आईला द्या जरा." पुढची वीस मिनिटं आईशी. सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, नातवाला गणित का आवडेनासं झालंय, धाकट्या नणंदेनं बोलणं का टाकलंय, कामाच्या मावशींना गेल्या दिवाळीत काय दिलं होतं, ही सगळी खबरबात तिच्याकडे असते. घराची नाती तिनं एकहाती सांभाळलेली असतात. ती गेली की मुलांचे फोन कमी होतात ते मुलं वाईट म्हणून नव्हे. बाबांशी काय बोलायचं याची सवय कुणालाच नसते, बाबांनाही नसते. अशा घरातला एकटा म्हातारा उपाशी राहत नाही, पण त्याच्याशी बोलणारं कुणी उरत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी बायकांची इच्छा असते की हळदीकुंकवानं जावं. ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळताना त्या नवऱ्याला उदंड आयुष्य मागतात आणि मनात आपण आधी जावं असंही मागतात. त्या श्रद्धेची थट्टा मला करायची नाही. पण या दोन्ही मागण्या एकदम मान्य झाल्या, तर त्या उदंड आयुष्यातली शेवटची वर्षं तो एकट्यानं काढणार, हे त्यात आलंच. मग त्याला मुगाच्या खिचडीचा कुकर लावायला आणि मुलीशी दहा मिनिटं बोलायला शिकवणं, हाही त्या व्रताचाच भाग का मानू नये?

एवढं समजत असूनही घरोघरी हे शिकवणं का होत नाही? अशुभाची भीती हे कारण वरवरचं आहे. आत दुसरं काहीतरी आहे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, यात मोठा मान आहे. नोकरी संपली, साहेबी गेली. बँकेची कामं आणि बिलं भरणं एवढाच अधिकार त्याच्याकडे उरला. तेही तिला यायला लागलं तर घरात आपलं स्थान काय, असं त्याला वाटतं. तिचंही तेच. जन्मभर बाकी कशात तिचं मत कुणी विचारलं नाही, ओट्यापाशी मात्र तिचा शब्द चालला. तिथं त्यानं लुडबुड केलेली तिला खपत नाही. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण तिच्यापायी आपण आपल्या माणसाला अज्ञानात ठेवतो आणि त्यालाच प्रेम म्हणतो, एवढं तरी स्वतःशी कबूल करायला हवं.

बृहदारण्यक उपनिषदातली याज्ञवल्क्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ते घर सोडून निघाले तेव्हा त्यांनी आपल्या दोन बायकांपैकी मैत्रेयीला सांगितलं की तुझी आणि तुझ्या सवतीची, कात्यायनीची, व्यवस्था लावून देतो. धनानं अमरपण येईल का, असं तिनं विचारलं. नाही, असं उत्तर आल्यावर ती म्हणाली की मग ते घेऊन मी काय करू, तुम्हाला जे ठाऊक आहे तेच मला सांगा. मैत्रेयीच्या वैराग्यावर आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकलं आहे. ती गोष्ट संसारी माणसाच्या नजरेनं वाचली तर आणखी काही दिसतं. एवढा मोठा ब्रह्मवेत्ता, पण निघण्याआधी बायकोशी वाटणीचं बोलतो. त्याला त्यात काही अभद्र वाटत नाही. आणि तिला हिश्शापेक्षा त्याचं जाणतेपण हवं असतं. नुसती मिळकत नावावर करून भागत नाही, ती सांभाळण्याची समजही हाती द्यावी लागते, हे आपल्या फिक्स डिपॉझिटच्या पावत्यांनाही लागू आहे.

एक गोष्ट मात्र तिथं घडत नाही. कात्यायनीला बायकांच्या जगातलं, म्हणजे घरसंसारातलं कळत होतं, असं उपनिषद सांगतं. पण तुला जे ठाऊक आहे ते आम्हाला सांग, असं तिला कुणी म्हणाल्याचं त्यात येत नाही. ज्ञान म्हणावं असं काही तिच्यापाशीही असेल, हे कुणाच्या मनात आलं नसावं.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळातलं उदाहरण न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई या पतिपत्नींचं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचा रोष पत्करून त्या शिकल्या. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. रमाबाई पुढं १९२४ पर्यंत जगल्या. पुण्याची सेवासदन संस्था १९०९ साली उभी राहिली ती या काळात. नवरा शिकवतो ते त्याच्या माघारी तेवीस वर्षं कसं कामी येतं, याचा असा दाखला दुसरा क्वचित सापडेल. पण आपल्या परंपरेत हे शिकवणं जवळपास नेहमी एकाच बाजूनं झालं. त्यानं सांगायचं, तिनं शिकायचं. आजच्या सत्तरीतल्या जोडप्यांना ही राहिलेली बाजू भरून काढता येईल. तीही शिकवेल आणि तो शिकेल.

"या वयात आता काय शिकायचं?" हे निमित्त चालणार नाही. नातवंडं पाहायला मिळावीत म्हणून याच मंडळींनी पासष्टीनंतर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल शिकून घेतला आहे. गरज जिवाभावाची असेल तर वय आड येत नाही.

आठवड्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी बँकेत तिनं एकटीनं जावं. स्लिप तिनं भरावी, पासबुक तिनं छापून आणावं, पैसे कुठं किती ठेवलेत आणि त्यांची मुदत कधी संपते हे तिनं आपल्या अक्षरात वहीत लिहावं. घरी त्यानं वरण-भात लावावा, दोघांच्या गोळ्या नावं वाचून वाटीत काढाव्यात, दूधवाल्याचा हिशेब करावा आणि मुलीला आपणहून फोन करावा. कामं अवघड नाहीत. अवघड आहे ते ज्याला काम येतं त्यानं गप्प बसणं. तिला फॉर्म भरायला अर्धा तास लागला तर पेन तिच्या हातातून काढून घ्यायचं नाही. त्याच्या वरणात हळद जास्त झाली तर "सरका बाजूला" म्हणायचं नाही. आपल्याला सहज येणारं काम समोरच्याला चुकतमाकत करू देणं, यात जो संयम लागतो तो भल्याभल्या साधकांपाशी नसतो. आपला अधिकार आपल्या हातानं सोडणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

सहा महिन्यांनी बहुतेक घरांत कामं पुन्हा जुन्याच वाटणीवर येतील. बँकेत तो जाईल, कारण त्याला चार लोक भेटतात. आमटी ती करील, कारण तिच्या हाताची चव त्याच्या हाताला नाही. त्यात काही वावगं नाही. पण आता ती कामं आवडीनं होतील, दुसऱ्याला येत नाहीत म्हणून नव्हे. आणि या शिकण्याचा पहिला लाभ मरणानंतर मिळायचा नसून आत्ताच मिळायचा आहे.

सत्तरीच्या बाईला बहिणीकडे आठ दिवस राहायचं असतं. वर्षानुवर्षं ती म्हणते, "जाईन गं, पण ह्यांचं कसं होईल?" बहीणही थकत चाललेली असते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे आणि २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारनं आपल्याकडून वाट मोकळी केली. घरानं तिला निश्चिंत मनानं निघू देणं तेवढं बाकी आहे, आणि त्यासाठी त्याला आठ दिवसांचा स्वयंपाक यायला हवा.