गोळाबेरजेचा न्याय

मनुष्याचें कर्तृत्व कोणत्या मापानें मोजावें, हा प्रश्न फार जुना आहे. घरांत थोरल्या भावाशीं धाकट्याची, शाळेंत जुन्या मुख्याध्यापकांशीं नव्यांची तुलना आपण नित्य करतों. हीं मापें बहुधा अंदाजाचीं असल्यामुळें त्यांतील अन्याय झांकून जातो. परंतु जेथें प्रत्येक जयापजयाची नोंद होते, अशा एखाद्या क्षेत्राकडे पाहिलें तर प्रश्नाचें स्वरूप अधिक स्पष्ट होईल. इंग्लंडांतील फुटबॉल हें असें एक क्षेत्र आहे.

तेथें सामना अकरा खेळाडू खेळतात, पण त्याचा जमाखर्च क्लबाच्या व्यवस्थापकाच्या नांवें पडतो. मँचेस्टर युनायटेड या क्लबाची वही उघडून पाहूं. सर मॅट बस्बी यांनीं १९४५ ते १९६९ व पुढें १९७०-७१ मध्यें कांहीं महिने कारभार पाहिला. त्यांनीं सुमारें निम्मे सामने जिंकले. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनीं १९८६ ते २०१३ पर्यंत १५०० पैकीं ८९५, म्हणजे शेंकडा साठाच्या जवळपास सामने जिंकले. त्यांच्यामागून आलेले डेव्हिड मॉयेस यांनीं ५१ पैकीं २७, म्हणजे शेंकडा ५३ जिंकले. आणि दहा महिन्यांतच त्यांना निरोप मिळाला. केवळ प्रमाण पाहावयाचें, तर मॉयेस हे बस्बींहून श्रेष्ठ ठरतात! असा निकाल क्वचितच कोणी मान्य करील. बेरीज तर बरोबर आहे. मग चुकलें कोठें?

चुकलें तें एवढेंच कीं, वही पीक मोजते. जमीन कशी हातीं आली हें ती सांगत नाहीं. बस्बी आले तेव्हां क्लबाचें मैदान १९४१ च्या बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलें होतें. १९४९ पर्यंत त्यांचा संघ आपले घरचे सामने प्रतिस्पर्धी क्लबाच्या मैदानावर खेळला. पुढें ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिक येथें विमान कोसळून २३ जण दगावले. त्यांत आठ खेळाडू होते. बस्बी स्वतः मृत्यूच्या दारांतून परत आले, आणि दहा वर्षांनीं, १९६८ मध्यें, त्यांच्या संघानें युरोपियन चषक जिंकला. ही वेदना व ही उभारणी कोणत्या रकान्यांत लिहावयाची?

फर्ग्युसन यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्यांच्या आधींचे रॉन ॲटकिन्सन यांनीं पांच पूर्ण हंगामांत चौथ्या क्रमांकाखालीं संघ जाऊं दिला नाहीं, आणि १९८३ व १९८५ मध्यें एफ. ए. चषकही आणला. फर्ग्युसन यांचे पहिल्या चार हंगामांतील क्रमांक मात्र अकरावा, दुसरा, अकरावा व तेरावा! १९८९ च्या हिंवाळ्यांत वहीवरून निवाडा झाला असता, तर नवा मनुष्य जुन्याहून हिणकस ठरला असता. परंतु त्याच काळांत ते क्लबाची कुमार खेळाडू शोधण्याची व घडविण्याची व्यवस्था नव्यानें रचीत होते. १९९० मध्यें पहिला चषक आला. १९९३ मध्यें, २६ वर्षांच्या खंडानंतर, लीगचें विजेतेपद आलें. पेरणीच्या दिवसांत वही कोरीच असते.

यावर कोणी म्हणेल कीं, मग प्रत्येक अपयशी मनुष्य ‘मला आणखी वेळ द्या’ असें म्हणूं लागेल. हा आक्षेप खोटा नाहीं. पेरणीचें नांव सांगून पडीक जमीन राखणारे पुष्कळ असतात. म्हणून आंधळा धीर हाही न्याय नव्हे. आंकड्याला साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावें. न्यायासनावर मात्र बसवूं नये. त्याची साक्ष झाल्यावर विचारावें: या मनुष्याला काय मिळालें, त्यानें काय पेरलें, आणि मागें काय ठेविलें? यांतील तिसरा प्रश्न थोरांनाही चुकत नाहीं. बस्बींच्या युरोपियन विजयानंतर सहा वर्षांनीं हाच क्लब खालच्या श्रेणींत उतरला. फर्ग्युसन यांनीं अखेरचें विजेतेपद अकरा गुणांच्या आघाडीनें मिळविलें खरें. पण वारसाला दिलेल्या संघाचे कित्येक आधारस्तंभ तिशी ओलांडलेले होते. जाणाऱ्याचें देणें येणाऱ्याच्या खातीं पडतें, आणि आपण त्यालाच दिवाळखोर म्हणतों.

संस्थेला कधीं कधीं वाट पाहतां येत नाहीं, हें खरें. परंतु एखाद्याला पदावरून दूर करणें आणि त्याला नालायक ठरविणें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. पहिली व्यवहाराची गरज असूं शकेल. दुसरीचा अधिकार एका हंगामाच्या आंकड्यांनीं कोणालाही मिळत नाहीं. २०१४ मध्यें निरोप मिळालेल्या त्याच मॉयेस यांच्या हाताखालीं वेस्ट हॅम संघानें २०२३ मध्यें युरोपांतील एक चषक जिंकला. मनुष्य तोच होता. जमीन निराळी होती. धाकट्याला थोरल्याच्या मापानें मोजतांना आपणही एवढें ध्यानीं ठेविलें, तर पुष्कळ अन्याय टळेल.